अप्पांची सुधारलेली प्रत

माझ्या बापाला दोनदा जाळलं. पहिल्यांदा जाळलं ते परक्या गावच्या लोकांनी, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दुसऱ्यांदा जाळलं रामहरीनं, आणि त्याबद्दल त्याला शाल, श्रीफळ आणि टाळ्या मिळाल्या.

आधी हे सांगायला हवं की आमच्यात जाळत नाहीत. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आंघोळ घालतात, विभूती लावतात आणि मांडी घालून बसवतात. गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. मग सजवलेल्या खुर्चीत, तिला विमान म्हणतात, बसवून वाजतगाजत नेतात, खड्ड्यात बसवतात आणि वर बेलाची पानं, विभूती, माती लोटतात. शिवाला भेटायला जायचं तर बसून जायचं, आडवं पडून नाही. झरीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. रामहरीलाही होतं. तो आमच्याच तालुक्यातला, पेडगावचा. पेडगावचा असल्यामुळे वेड पांघरून जायला त्याला लांब जावं लागत नाही, एवढंच.

मी ईश्वरी, महालिंग अप्पांची थोरली. मला झरीतच दिली, त्यामुळे माहेर आणि सासर एका गल्लीत. माझी मिरची कांडायची गिरणी आहे. जीभ तिखट झाली ती त्या गिरणीमुळे असं लोक म्हणतात. लोकांना काय, आधी जीभ होती, गिरणी नंतर आली.

चाळीस वर्षांमागं रामहरी पुण्याला सिनेमाचं शिकून आला तेव्हा त्याच्या अंगावर मांस नव्हतं आणि खांद्यावरची झोळी त्याच्यापेक्षा जड होती. पेडगावात त्याला कुणी उभं केलं नाही. गावाला आपला माणूस बरोबर कळतो. मग तो झरीत आला, आमची जुनी बारव बघितली, तिच्या पायऱ्यांवर बसून रडला म्हणे, आणि ‘कोरडी बारव’ नावाचा पिच्चर इथंच काढायचं ठरवून टाकलं. नट आणायची ऐपत नव्हती, म्हणून गावातलीच माणसं घेतली. अप्पांचं किराण्याचं दुकान होतं. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, गिऱ्हाइकाशीही मोजकंच बोलणार. रामहरीनं त्यांना बघितलं आणि पिच्चरातला म्हातारा शेतकरी तोच, म्हणाला. अप्पा का तयार झाले ते देवाला ठाऊक. दुकान लवकर बंद करून ते शूटिंगला जायचे आणि घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत.

पिच्चरात शेवटी म्हातारा मरतो. रामहरीनं तिरडी बांधून घेतली, लाकडं रचून घेतली. अप्पांनी तिरडीकडे बघितलं आणि पायात चपला सरकवल्या.

“अप्पा, सोंगच तर हाय,” रामहरी म्हणाला. तेव्हा तो आपल्यासारखंच बोलायचा. “घडीभर आडवं व्हा.”

“सोंग आसू दे न्हाईतर खरं,” अप्पा म्हणाले. “मी मेलो तर बसून जाणार. तुला आडवा माणूस लागत आसंल तर दुसरा बग.”

दुसरा बघणार कुठून? अर्ध्याहून जास्त पिच्चर अप्पांवर काढून झाला होता. रामहरी मारुतीच्या देवळात जाऊन रुसून बसला. कुणी समजूत काढायला आलं नाही, तेव्हा आपणहून उठून आला आणि कबूल झाला. मग आमच्या लोकांनी खरोखरीचं विमान सजवलं. मठाचे स्वामी आधी नाही म्हणाले, मग खड्डा नीट मापाचा झालाय का ते बघायला म्हणून आले आणि शेवटपर्यंत थांबले. अप्पांना बसवलं, नेलं, खड्ड्यात उतरवलं, खांद्यापर्यंत माती लोटली. सगळा गाव बघायला होता. आमची अव्वा तेवढी आली नाही. अव्वा म्हणजे आमची आई, शांतम्मा. तिनं घराचं दार आतून लावून घेतलं होतं. “जित्या नवऱ्याची मयत मी बगनार न्हाई,” म्हणाली, आणि अप्पा घरी आल्यावर त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं, मगच आत घेतलं.

तो शेवट बघून दिल्लीचे लोक वेडे झाले. बक्षिसं मिळाली, परदेशात दाखवला, मोठमोठ्या माणसांनी लेख लिहिले की असा मृत्यू आपल्या पडद्यानं आजवर पाहिला नव्हता. रामहरीला मुंबईत घर झालं. पुढं त्यानं पुष्कळ पिच्चर काढले. मी दोन बघितलेत. दोन्हींत माणसं खिडकीतून बाहेर बघत बसतात, आणि बाहेरही काही होत नाही.

पिच्चर आला त्याच्या तिसऱ्या वर्षी अप्पा दुकानाच्या मालासाठी आगगाडीनं लांब गेले. कुठल्याशा स्टेशनबाहेर चक्कर येऊन पडले ते उठलेच नाहीत. पाकीट कुणी तरी नेलं. गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीत होतं, तीही दोऱ्यासकट तोडून नेली. डबी राहिली असती तर कुणाला तरी कळलं असतं की हा माणूस कुणातला. तिथल्या लोकांनी वाट बघितली आणि बेवारस म्हणून अग्नी दिला. माझे काका शोधत पोचले तेव्हा त्यांच्या हाती एक फोटो आणि अप्पांचा सदरा पडला. अव्वानं सदरा मांडीवर घेतला आणि एकच विचारलं.

“बसवून का आडवे?”

त्या दिवसापासून अव्वाचं अन्नावरचं मन उडालं. ताटावर बसायची आणि भाकरीचा तुकडा बोटात फिरवत उठायची. कुणी समजावलं तर म्हणायची, ह्यांना जायला वाटच दिली न्हाई.

तेव्हा मुंजाजी कामी आला. मुंजाजी पूर्ण्याचा. जत्रेजत्रेत तंबू ठोकून पिच्चर दाखवायचा. ‘कोरडी बारव’ची एक प्रत त्याच्याकडे आली होती, पुढं ती पाठवणारी कंपनी बुडाली आणि प्रत परत न्यायला कुणी आलंच नाही. मुंजाजीला कलेची काय चाड, त्यानं त्यातली गाण्यांची रिळं कापून तुकडे पोरांना विकले, मधला भाग उंदरांनी खाल्ला. शेवटचं रीळ तेवढं शाबूत होतं, कारण त्यात गाणं नव्हतं. अव्वानं त्याला निरोप धाडला. तो मशीन घेऊन आला, आमच्या परसात पांढरं धोतर बांधलं आणि रीळ लावलं.

ज्या बाईनं दार लावून घेतलं होतं तिनं त्या संध्याकाळी नवऱ्याची मयत डोळे भरून बघितली. खड्ड्यात बसवल्यावर अप्पांच्या पापणीवर एक माशी येऊन बसते, चांगली नाकापर्यंत हिंडून येते. अप्पा हलत नाहीत. बेलाची पानं पडतात, माती पडते, स्वामींचा आवाज येतो आणि पडदा पांढरा होतो. अव्वा उठली, हातातला बेल धोतराच्या पायथ्याशी ठेवला आणि म्हणाली, “झालं. नीट गेले.” घरात येऊन तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

तेव्हापासून अप्पांच्या तिथीला दर वर्षी मुंजाजी येतो. रीळ आमच्या घरी, मशीन त्याचं. स्वामी येतात, गल्ली येते, अव्वा पुढं पाटावर बसते आणि माशीच्या वेळी शेजारच्या चतुराबाईला दर वर्षी तेच सांगते, “बग, माशीला बी हलले न्हाईत.” चतुराबाईही दर वर्षी नव्यानं बघितल्यासारखी मान हलवते. आमच्यासाठी तो पिच्चर नव्हता. ती अप्पांची समाधी होती, फक्त जमिनीत नव्हती.

आता रामहरीकडे येते.

मागच्या वर्षी तो पांढऱ्या गाडीतून आला. अंगावर मांस आलं होतं, दाढी पिंजून ठेवली होती, आणि मराठी अशी बोलत होता की जणू पेडगाव सदाशिव पेठेच्या मागं आहे. ‘कोरडी बारव’ला चाळीस वर्षं होतात, मोबाइलवर पिच्चर दाखवणारी एक मोठी कंपनी पैसा लावणार आहे, सगळा सिनेमा स्वच्छ करून नव्यानं काढायचा आहे. मुंबईतली मूळ फिल्म दमट हवेनं चिकटून गेली. बाकीचं इकडून तिकडून गोळा केलं, पण शेवटच्या रिळाची बरी प्रत जगात एकच राहिली आहे आणि ती आमच्या कपाटात आहे.

माझा भाऊ शिवप्रकाश लगेच कपाटाची किल्ली शोधायला लागला. दुकान आता तो बघतो. कुणी गाडीतून उतरलं की त्याचे हात आपोआप जोडले जातात, तो तरी काय करील. मी म्हटलं, रीळ घराबाहेर जायचं नाही, काय करायचं ते इथं बसून करा. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बाईमाणसाचा नकार हा चहाबरोबरचा फरसाण असतो, तोंडी लावायला.

अव्वानं मात्र विचारलं, “परत आनशील ना रे बाबा?”

रामहरीनं वाकून तिच्या पायाला हात लावला. “अव्वा, अप्पांना नवे करून आणतो.”

शब्द त्यानं खरा केला हे कबूल करायला हवं.

यंदा दिवाळीनंतर परभणीत कार्यक्रम ठेवला. भाड्यानं घेतलेला हॉल, दारात रांगोळी, रामहरीचा पुरुषभर फोटो. झरीहून दोन जीप भरून माणसं गेली. शिवप्रकाशनं नवा कुडता शिवला होता, कारण त्याचं नाव आभारांत येणार होतं. अव्वानं ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं आणि पदरात बेल बांधून घेतला. शहाऐंशीची बाई, घरातून देवळापर्यंत जाताना तीनदा बसते, पण त्या दिवशी जीपमध्ये ताठ बसली होती.

आत जायच्या आधी दालनात एक काचपेटी दिसली. तिच्यात आमचं रीळ. खाली पितळी पाटीवर ‘मूळ प्रत’, वर झेंडूचा हार आणि पुढ्यात उदबत्ती. मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा हार. मला तिथंच शंका यायला पाहिजे होती, पण मी म्हटलं, असेल, सिनेमावाल्यांची रीत असेल.

पिच्चर सुरू झाला आणि गावाला गाव ओळखेना. आमची काळी जमीन केशरी दिसत होती. बारवेत पाणी होतं आणि पाण्यात कमळं. पिच्चरचं नाव कोरडी बारव, आणि आत कमळं! चौकातला विजेचा खांब गायब. त्या खांबासाठी आमच्या गावानं किती अर्ज केले, किती जणांच्या पाया पडलो, आणि शूटिंगच्या थोडं आधी तो आला म्हणून लोकांनी त्याला नारळ फोडला होता. रामहरीनं तो बोटानं पुसला. अप्पांच्या हातातली विडी गेली, नुसती बोटं हवेत धरलेली राहिली. गर्दी कमी वाटली म्हणून कॉम्प्युटरवर वाढवली होती. चतुराबाई मागून म्हणाली, “बाई गं, हिकडं रडायले ती बी मीच अन् तिकडं रडायले ती बी मीच. मी येवढी कधी रडले?”

हसण्यावारी नेलं आम्ही. चार पैसे जास्त झाले की माणूस घराला नको तिथं टाइल्स लावतो, तसंच हे, म्हटलं. आणि मग शेवट आला.

अप्पा आडवे होते.

तिरडीवर आडवे, हात छातीवर, पांढऱ्या कापडात. चेहरा अप्पांचाच होता, खालचं धड कुणाचं होतं कोण जाणे. चौघांनी खांद्यावर घेतलं होतं. नदीकाठी लाकडं रचलेली, मागं सूर्य बुडतोय, कुठून तरी बायकांचं गाणं येतंय, त्या गाण्याला ढीगभर सनया. तिरडी उतरवली. अप्पांचा चेहरा जवळून दाखवला. पापणीवर माशी नव्हती, तीही साफ केली होती. मग ज्वाळा उठल्या. नुसत्या उठल्या नाहीत, पडदाभर उठल्या, आणि त्यांत अप्पांच्या मिशा, कपाळ, विभूती सगळं सावकाश वितळताना दाखवलं. कंपनीनं पैसा लावला होता, तो दिसायला नको? हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

अव्वानं माझं मनगट धरलं. “ईश्वरी, ह्यांना आडवं कामून केलं?”

ती वाकून पडद्याकडे बघत होती.

“ते आपलेच हायेत ना? नाक तर ह्यांचंच हाय.”

“अव्वा, ते खोटं हाय. कॉम्प्युटरवर केलंय.”

“जळायलेत की गं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. पदराची गाठ सोडून बेल हातात घेतला होता तो तसाच धरून होती. तो कुठं ठेवायचा ते तिला कळत नव्हतं.

रामहरी मंचावर गेला. म्हणाला, तरुणपणी साधनं नव्हती, माणसं नव्हती, म्हणून मनातला सिनेमा पडद्यावर आला नाही. आज चाळीस वर्षांनी तुम्ही माझा खरा सिनेमा पाहिलात. शाल, श्रीफळ, टाळ्या. शिवप्रकाशही टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याचे हात हवेत थांबले, पण खाली आले नाहीत.

अव्वाला चतुराबाईजवळ बसवून मी दालनात गेले. रामहरी काचपेटीपाशी उभा राहून लोकांबरोबर फोटो काढून घेत होता.

“रामहरीभाऊ,” मी म्हटलं, “माझ्या बापाला कामून जाळलं?”

त्यानं हसत हसत लोकांना बाजूला केलं. “ईश्वरी, अगं, तू भावनेनं बघतेस. जगभरचा प्रेक्षक आहे आता. मेलेला माणूस खुर्चीत बसून चाललाय हे त्यांना समजतच नाही. कंपनीनं काही लोकांना आधी दाखवलं, ते हसले.”

“आमी दर वर्सी परसात अव्वाच्या शेजारी बसून बगतो. कुनी हसत न्हाई.”

“सिनेमा तुमच्या परसासाठी नसतो.”

“मग परसातलं रीळ न्यायला कामून आलात?”

पिंजलेल्या दाढीतून एकदम पेडगावचा तो जुना, रुसून देवळात बसणारा पोरगा बाहेर आला. आवाज खाली आणून म्हणाला, “तो शेवट माझा नव्हता गं. मी चिता लिहिली होती. तुझ्या बापानं हट्ट केला म्हणून तो झाला. आणि जिंदगीभर जिथं जाईन तिथं लोक तेवढंच विचारतात. एवढे सिनेमे काढले, पण माणूस भेटला की म्हणतो, काय तो बसलेला म्हातारा! मला माझा शेवट एकदा बघायचा होता.”

तर असं होतं ते. जगातला प्रेक्षक वगैरे सगळं वरवरचं. चाळीस वर्षं हा माणूस एका किराणा दुकानदारावर जळत होता, आणि हातात पैसा आल्यावर त्यानं दुकानदाराला जाळलं. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. ज्याच्या आयुष्यातली एकुलती चांगली गोष्ट दुसऱ्याच्या हट्टानं झाली, त्यानं त्या हट्टाला रोज नमस्कार करावा. हा ती गोष्ट खोडायला निघाला होता, आणि खोडून टाकल्यावर आपण उरू असं त्याला वाटत होतं.

“तुमाला तुमचा शेवट पायजे होता तर तुमचं तोंड लावायचं होतं तिरडीवर,” मी म्हटलं आणि काचपेटीचं झाकण उचललं.

“हे काय करतेस? ते संग्रहालयाला द्यायचंय.” आता त्याचा आवाज पुन्हा पुण्याला पोचला. “आणि ऐक, करार झालाय. जुनी आवृत्ती यापुढं कुठंही दाखवायची नाही. जगात एकच आवृत्ती राहणार.”

“तुमच्या करारावर माझ्या बापाची सही हाय का?”

शिवप्रकाश धावत आला. “अक्का, लोक बगायलेत.”

“बगू दे. पिच्चर बगायलाच आलेत ना.”

मी हार काढून रामहरीच्या हातात दिला, रीळ डब्यासकट उचलून पदराखाली घेतलं आणि अव्वाला घेऊन बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. फोटोवाले समोर असताना माझ्यासारख्या म्हाताऱ्या बाईच्या हातातून डबा ओढण्याएवढा रामहरी अजून मोठा कलावंत झालेला नाही.

घरी आल्यावर अव्वा जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पूर्वीसारखाच भाकरीचा तुकडा बोटात फिरवायची. मध्येच विचारायची, “येवढ्या वर्सांनी कुनी सांगितलं आसंल गं त्यांना जाळायला?” मी परत परत सांगायचे की कुणी जाळलं नाही, ते रामहरीचं सोंग आहे, आपलं खरं रीळ घरी आलंय. ती ऐकून घ्यायची. पटलं असेल असं वाटायचं, आणि तासाभरानं पुन्हा तोच सवाल.

पण मी निर्धास्त होते. खोटं ते खोटं आणि मूळ ते मूळ. एकदा मूळ डोळ्यांपुढं आलं की तो केशरी तमाशा पुसून जाणार, याची मला खात्री होती. रीळ हाती होतं, त्यावर एकही ओरखडा नवा नव्हता. तिथी लांब होती, म्हणून मीच मुंजाजीला फोन केला. तो आता ऐंशीच्या घरात आहे, पण मशीन गाडीत घालून नातवाबरोबर आला. परसात धोतर बांधलं. स्वामी आले, चतुराबाई आली, शिवप्रकाशही दुकान बंद करून मागं भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला मी काही बोलले नाही. दिवेलागणीला अव्वाला पाटावर बसवलं आणि तिच्या ओंजळीत बेल दिला.

मशीन घरघरायला लागलं. आमचं काळं-पांढरं झरी पडद्यावर आलं. काळी माती काळीच, चौकातला खांब जागच्या जागी, आणि त्याच्याखालून विमान येताना दिसलं. विमानात अप्पा. ताठ बसलेले, डोळे मिटलेले, डाव्या तळहातावर लिंग. मला इतकं हलकं वाटलं की मी अव्वाचा खांदा दाबला.

“बग अव्वा. बसलेत.”

“बसलेत,” ती म्हणाली.

खड्ड्यापाशी आले. उतरवलं. माशी आली, पापणीवर बसली. चतुराबाई वाट बघत अव्वाकडे वळली. अव्वा माशीकडे बघत नव्हती. ती पडद्याच्या कडेला, अप्पांच्या मागं, अंधाऱ्या कोपऱ्यात काही तरी शोधत होती. रामहरीच्या पिच्चरात नदीकाठ जिथं होता, त्या बाजूला. माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

पहिली माती पडली तशी तिनं माझा हात झटकला. “बंद करा. आता आग लावतेत.”

“न्हाई अव्वा, हिथं आग न्हाई. ह्यात माती हाय. बग, बेल पडायलाय.”

“लावतेत. मी बगितलंय.” तिची ओंजळ सुटली, बेल पाटाखाली सांडला. “मागून आनतेत. आधी बसवून दाखवतेत आन् मग आडवे करतेत. बंद कर, माय.”

मुंजाजीनं माझ्याकडे बघितलं. मी हातानं चालू दे म्हटलं, कारण आता थोडंच राहिलं होतं, माती पुरी पडेल, स्वामींचा आवाज येईल आणि तिला दिसेल. ते तिनं दर वर्षी बघितलं होतं. अव्वानं पदर तोंडावरून पार खाली ओढून घेतला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. पडद्यावर अप्पांवर माती पडत राहिली, खांद्यापर्यंत आली, स्वामी जे म्हणायचं ते म्हणाले. आमच्यात बसलेले स्वामीही तेच पुटपुटत होते. रीळ संपलं. धोतर पांढरं झालं.

रामहरीला मी मनातल्या मनात जितक्या शिव्या येतात तितक्या दिल्या, पण त्या कुठल्याच उपयोगाच्या नव्हत्या. रीळ त्यानं सोडलं होतं आणि बाईच्या डोळ्यांतलं नेलं होतं. तिथून ते परत आणायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग पदराआडून अव्वाचा आवाज आला.

“इझली का गं?”

शिवप्रकाश माझ्याकडे बघत होता. स्वामी बघत होते. नाही म्हणायचं होतं, आग लागलीच नव्हती असं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“इझली, अव्वा,” मी म्हटलं. “चल, जेवून घे.”